‘डोमेस्टिकच तर आहे!’ : अमेरिकेत मुक्कामाची मुदत उलटल्यावर विमानात बसण्याआधी

न्यू जर्सीतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न येतो. माणसं बदलतात, शहरं बदलतात, प्रश्न तोच. ‘आई-बाबांचे सहा महिने परवा संपले. एक्स्टेन्शन टाकलंय, उत्तर आलं नाही. धाकटीकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जायचंय. फ्लाइट डोमेस्टिकच आहे ना, मग काय प्रॉब्लेम?’ पाच मिनिटांत दहा उत्तरं. निम्मे म्हणतात, ‘बिनधास्त जा, आमचे सासू-सासरे गेले होते, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.’ निम्मे म्हणतात, ‘वेड लागलंय का? घराबाहेर पडू नका.’

दोन्हीकडचे लोक खोटं बोलत नसतात. पण विचारणाऱ्याचे कागद कुणीच पाहिलेले नसतात. ‘व्हिसा संपला’ या दोन शब्दांत इथे चार-पाच वेगवेगळ्या परिस्थिती कोंबलेल्या असतात. एकीत विमानप्रवास जवळजवळ नेहमीसारखाच असतो, तर दुसरीत तिकीट काढणं म्हणजे आपण अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक गेटवर सापडू हे सरकारला आधी कळवून ठेवणं असतं. मी वकील नाही, त्यामुळे इथे सांगतोय ते फक्त या दोन टोकांमधला फरक कसा ओळखायचा एवढंच.

तारीख बघा, पण व्हिसावरची नको

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते दारावरचा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ नावाच्या दस्तऐवजात होते. पूर्वी तो कागदी कार्डाचा असायचा. विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून तो संगणकीय झाला आणि आता सीमाशुल्क खात्याच्या, म्हणजे सीबीपीच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून बघावा लागतो. बघतं कोण! आपल्याकडे ‘दहा वर्षांचा व्हिसा मिळालाय’ हे वाक्य इतक्या कौतुकाने सांगितलं जातं की दहा वर्षं राहता येतं असंच घरातल्यांना वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीला बहुतेक वेळा सहा महिने मिळतात.

याच्या उलटही घडतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असतो, पण कंपनीने मुदतवाढ घेतलेली असते आणि नवा आय-९४ पुढच्या वर्षीपर्यंत असतो. हा माणूस ओव्हरस्टे, म्हणजे मुदतीपलीकडे मुक्काम, करत नाही. त्याला स्टॅम्पिंगशिवाय, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेतल्याशिवाय, देशाबाहेर जाऊन सहसा परत येता येणार नाही एवढंच. डॅलसला जायला त्याला कसलीही भीती नाही, तरी तो बिचारा घाबरून गाडीने जातो.

आणि एक छुपा सापळा. पासपोर्टच आठ महिन्यांत संपणार असेल, तर अधिकारी आय-९४ची तारीख पासपोर्टच्या तारखेवर आणून ठेवतो. एच-१बीची मंजुरी तीन वर्षांची असते, माणूस मुंबईहून परततो, घरी येऊन बॅगा उघडतो, पासपोर्टही वेळेत नवा करतो. पण आय-९४ मात्र आठ महिन्यांवरच थांबलेला. नोकरी चालू, पगार चालू, कर भरणं चालू, आणि मुक्काम बेकायदा. हे कळतं तेव्हा वर्ष उलटलेलं असतं. म्हणून अमेरिकेत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात आय-९४ उघडून बघायचा. त्याला दोन मिनिटं लागतात.

विद्यार्थ्यांचं गणित वेगळं. एफ-१च्या आय-९४वर तारखेऐवजी ‘डी/एस’ ही अक्षरं असतात. शिक्षण नियमानुसार चालू असेपर्यंत मुक्काम चालतो, असा त्याचा अर्थ. कॉलेज सोडलं की कायदेशीर मुक्कामाचा दर्जा, म्हणजे स्टेटस, जातो. मात्र बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजणं आपोआप सुरू होत नाही. त्याला इमिग्रेशन खात्याचा किंवा न्यायाधीशाचा निर्णय लागतो.

आता ग्रुपवरच्या त्या आई-बाबांकडे येऊ. आय-९४ संपण्याआधी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज पोचला असेल, तर तो प्रलंबित असेपर्यंत बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजले जात नाहीत. पण पाहुण्याचा त्यांचा दर्जा तसा संपलेलाच असतो. ते उंबऱ्यावर उभे असतात असं समजा. हातात पावती असते आणि ती पावती हाच त्यांचा आधार. अर्ज एक दिवसही उशिरा गेला असेल तर हा आधार उरत नाही.

नोकरी गेलेल्या एच-१बीवाल्याला ६० दिवस मिळतात, तेही आय-९४ त्याआधी संपत नसेल तर. त्या ६० दिवसांत तो मुलाखतींसाठी देशभर उडतो, आणि त्याने उडावंच.

यापैकी काहीच लागू नसेल आणि तारीख उलटली असेल, तर तो खरा ओव्हरस्टे. पाहुण्याचा व्हिसा त्याच क्षणी कायद्याने रद्द होतो, स्टिकरवर पुढची सात वर्षं शिल्लक असली तरी. १८० दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला तर ३ वर्षं परत येता येत नाही, आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर १० वर्षं. हे १९९६च्या कायद्यापासून चालत आलंय. यातलं ‘देश सोडला तर’ नीट वाचा. ही शिक्षा बाहेर पडल्यावर लागते. नेवार्क ते सॅन फ्रान्सिस्को उडल्याने हे घड्याळ ना सुरू होतं, ना थांबतं. मुदत उलटून राहणं हा फौजदारी गुन्हाही नाही, तो दिवाणी स्वरूपाचा भंग आहे. पण अटक करून देशाबाहेर पाठवायला तेवढं पुरतं.

सुरक्षा रांगेत कोण काय बघतं

देशांतर्गत विमानतळावर तुमची गाठ पडते टीएसएच्या, म्हणजे विमानतळांवरच्या सुरक्षा तपासणीच्या सरकारी यंत्रणेच्या, माणसाशी. नोव्हेंबर २००१च्या कायद्याने ती उभी राहिली. तिचं काम दोनच गोष्टी बघायचं : तिकिटावरचं नाव तुमचंच आहे का आणि बॅगेत नको ते आहे का. तो माणूस पासपोर्टचं फोटोचं पान बघतो. व्हिसाचं पान उलटून तारखा मोजत बसत नाही. आय-९४ मागत नाही. भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. ‘आमचे सासू-सासरे गेले होते’ हा अनुभव इथून येतो, आणि तेवढ्यापुरता तो खरा आहे.

ड्रायव्हिंग लायसन्सचं मात्र २०२५ मध्ये बदललं. रियल आयडीचा, म्हणजे ओळखपत्रांसाठीच्या कडक केंद्रीय निकषांचा, कायदा २००५चा, पण विमानतळांवर तो ७ मे २०२५ पासून लागू झाला. एच-१बीसारख्या तात्पुरत्या मुक्कामाच्या लोकांना मिळणारं रियल आयडी लायसन्स त्यांच्या मुक्कामाच्या तारखेलाच संपतं. त्यामुळे स्टेटस गेलं की खिशातलं ओळखपत्रही जातं. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशी काही राज्यं स्टेटस न बघता लायसन्स देतात. ते गाडी चालवायला चालतं, विमानाला चालत नाही. मग उरतो पासपोर्ट, आणि तोही संपलेला असेल तर रांगेत खुलासे देणं आलं. ज्याला कुणाच्या नजरेत भरायचं नाही, त्याच्यासाठी ही सगळ्यात वाईट जागा.

खरी तपासणी तुम्ही घरी असतानाच होते

इथपर्यंत गोष्ट जुनी आहे. नवीन भाग हा.

तिकीट काढताना तुम्ही पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग भरता. विमान कंपनी ही माहिती उड्डाणाआधी ७२ तासांपासून टीएसएकडे पाठवते. ‘सिक्युअर फ्लाइट’ नावाची ही व्यवस्था दहशतवाद्यांच्या यादीशी नावं ताडून बघायला उभी केली होती आणि वर्षानुवर्षं तिचा वापर तेवढाच होता. टीएसए, सीमेवरची सीबीपी आणि देशांतर्गत अटका करणारी आयसीई ही तिन्ही भावंडं एकाच गृहसुरक्षा खात्याची. पण एकाच वाड्यात राहूनही त्यांच्या चुली वेगळ्या होत्या.

डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की टीएसए आठवड्यातून अनेकदा येत्या प्रवाशांची नावं आयसीईला देते, आयसीई ती आपल्या यादीशी ताडून बघते आणि नाव जुळलं तर माणसं विमानतळावर पाठवते. हे त्या वर्षीच्या मार्चपासून चालू होतं. त्याच बातमीत २० नोव्हेंबर २०२५ रोजी बॉस्टनच्या लोगन विमानतळावर झालेल्या अटकेचा उल्लेख होता. थँक्सगिव्हिंगला टेक्ससमधल्या घरी निघालेली १९ वर्षांची कॉलेजातली मुलगी. लहानपणी कुटुंबासोबत देशात आलेली. तिच्या नावावर हद्दपारीचा जुना आदेश होता, आणि तो आपल्याला माहीतच नव्हता असं तिचं म्हणणं. न्यायालयाने मनाई केलेली असूनही दोन दिवसांत तिला होंडुरासला पाठवलं गेलं.

ही मुलगी विमानतळावर संशयास्पद वागली नव्हती. रांगेतल्या कुणी तिला हेरलं नव्हतं. तिचं नाव आणि तिची वेळ आधीच जुळवलेली होती. त्यामुळे ‘गर्दीच्या दिवशी जा, कुणी बघत नाही’, ‘छोट्या विमानतळावरून जा’ असले सल्ले आता पालथ्या घड्यावर पाणी आहेत.

मग तारीख उलटलेला प्रत्येक जण पकडला जातो का? नाही. तुम्ही आलात ही नोंद आहे आणि गेलात ही नोंद नाही, एवढं सरकारी संगणकाला ठाऊक असतं, लाखो लोकांबद्दल ठाऊक असतं. माझ्या मते नुसता ओव्हरस्टे आणि हद्दपारीचा आदेश यांच्यात धोक्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याच्या नावावर आदेश आहे त्याला न्यायाधीशापुढे उभं करायची गरजच उरलेली नसते, म्हणून आयसीईला तो सोयीचा. त्याच्या खालोखाल ज्यांना इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस निघाली आहे ते, आणि ज्यांची पोलिसात कधी नोंद झाली आहे ते. अगदी दारू पिऊन गाडी चालवल्याचं जुनं प्रकरणसुद्धा त्यात आलं.

आदेश आहे हे माहीत नसणं वाटतं तितकं दुर्मीळ नाही. अर्ज फेटाळला जातो, नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, सुनावणीला कुणी जात नाही, आणि न्यायाधीश गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश देतो. पत्ता बदलला की १० दिवसांत खात्याला कळवायचं असतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येच तीन भाड्याची घरं बदलणाऱ्यांपैकी किती जण ते करतात, ते देव जाणे. आपल्या फायलीतल्या कुठल्याही कागदावर ‘ए’ने सुरू होणारा परकीय नागरिक क्रमांक असेल, तर इमिग्रेशन न्यायालयांच्या संकेतस्थळावर तो टाकून आपल्या नावावर खटला आहे का ते बघता येतं. तिकीट काढण्याआधी हे करा, तिकीट काढल्यावर नको.

नकाशावर डोमेस्टिक, कायद्यात सीमा

काही उड्डाणं तिकिटावर देशांतर्गत असतात, पण तिथे इमिग्रेशनची तपासणी होते. प्वेर्तो रिको, यूएस व्हर्जिन आयलंड्स आणि ग्वाम ही अमेरिकेचीच भूमी. पण तिथून मुख्य भूमीकडे निघताना प्रवाशाला तपासायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट थॉमसहून मायामीला निघालात तर सीबीपीच्या खिडकीसमोरून जावंच लागतं. जाताना काही नाही, येताना सगळं. हवाईचं तसं नाही. होनोलुलूहून परतताना बॅग तपासतात ती आत लपवलेल्या आंब्यासाठी, आय-९४साठी नव्हे. मायामीहून बहामाजला जाऊन येणारी क्रूझ मात्र सरळ देश सोडणंच आहे, बुकिंगवर ‘राउंड ट्रिप’ लिहिलेलं असलं तरी.

टेक्ससच्या दक्षिण टोकाचे विमानतळही असेच. जुलै २०१४ मध्ये होसे अँटोनिओ वार्गास हा नावाजलेला पत्रकार मॅकॲलनला गेला. तो कागदपत्रांविना राहतो हे त्याने स्वतःच जाहीर केलेलं होतं. तिथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आत येणं सोपं, बाहेर पडणं अवघड : विमानतळाच्या रांगेत सीमा पोलीस उभे, आणि रस्त्याने जावं तर महामार्गावर त्यांची चौकी. विमानतळावर त्याला ताब्यात घेतलं आणि काही तासांनी सोडलं. तो प्रसिद्ध होता. सगळेच नसतात.

ही चौकीची गोष्ट महत्त्वाची, कारण विमानाला घाबरलेले लोक हमखास म्हणतात, ‘मग गाडीने जाऊ’, आणि आगीतून फुफाट्यात पडतात. देशाच्या बाह्य सीमेपासून हवाई अंतराने १०० मैलांच्या पट्ट्यात सीमा पोलिसांना बस आणि रेल्वेत चढून प्रश्न विचारण्याचे जादा अधिकार आहेत, आणि किनारा हीदेखील सीमाच धरली जाते. न्यूयॉर्क, बॉस्टन, सिॲटल, ह्यूस्टन, सबंध फ्लोरिडा या पट्ट्यात येतात. ॲरिझोना आणि टेक्ससमध्ये महामार्गावरच्या कायमच्या चौक्या आहेत. सॅन अँटोनिओहून साउथ पाद्रे बेटावर सुट्टीला गेलात तर परतताना अशी चौकी लागतेच.

आणि नायगारा. आई-बाबा आले की नायगारा ठरलेला, त्याला इलाज नाही. धबधबा अमेरिकेच्या बाजूने बघायला कसलीच हरकत नाही, पण बफेलो विमानतळ, तिथली रेल्वे, तिथले रस्ते हे सगळं थेट सीमेवर आहे. तिथे रेनबो ब्रिजकडे जाणाऱ्या रांगेत चुकून गाडी घुसली तर मागे वळता येत नाही. पूल ओलांडायचा, कॅनडाला पोचायचं आणि परत येताना अमेरिकेच्या अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं. नुसती पावती हातात असलेल्या पाहुण्याला तिथून आत घेतीलच असं नाही.

मग कुणी उडावं?

मुदतीत अर्ज केलेले आई-बाबा : माझ्या बहिणीचे असते तर मी पाठवलं असतं, पण कागद बरोबर देऊन. पासपोर्ट, संपलेल्या आय-९४ची प्रत आणि आय-५३९ची पावती, मोबाइलमध्ये नको, छापून. अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा हा नियम जुनाच आहे, आणि एप्रिल २०२५ पासून त्याच्या अंमलबजावणीवर भर आला आहे. आय-९४ची छापील प्रत हा असा पुरावा धरला जातो.

अमेरिकन नागरिकाशी लग्न करून ग्रीन कार्डचा अर्ज टाकलेला, पण मधे मुदत उलटलेला माणूस : व्हिसावर रीतसर आत आला असेल तर नागरिकाचा जोडीदार म्हणून त्याचा ओव्हरस्टे अर्जाच्या आड येत नाही. पण प्रलंबित अर्ज म्हणजे अटकेपासून कवच नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन दिएगोत अशा काही जणांना ग्रीन कार्डच्या मुलाखतीतूनच ताब्यात घेतलं गेलं. इथे मी आधी वकिलाला विचारलं असतं, आणि लग्न-मुंजीसाठीचा प्रवास असेल तर पुढे ढकलला असता.

ज्याच्या नावावर आदेश आहे, त्याने विमानतळाचं तोंडही बघू नये. आधी वकील, मग तो आदेश पुन्हा उघडता येतो का ते.

एक गट आपण विसरतो. लंडनहून ब्रिटिश पासपोर्टवर, व्हिसाशिवाय, ‘एस्टा’ ही ऑनलाइन पूर्वपरवानगी घेऊन आलेले आपले भाचे-पुतणे. त्यांना ९० दिवस मिळतात, ते वाढवता येत नाहीत, आणि येतानाच त्यांनी हद्दपारीविरुद्ध न्यायाधीशापुढे दाद मागण्याचा हक्क बहुतांशी सोडून दिलेला असतो. भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन आलेल्याला सुनावणीचा हक्क राहतो. त्यामुळे ९१व्या दिवशी ब्रिटिश पासपोर्टवाला भाचा सांगलीहून आलेल्या मामापेक्षा जास्त अडचणीत असतो. हे सांगितलं तर कुणाला पटत नाही.

कुणी अडवलंच, तर सगळ्यात मोठी चूक कोणती होते माहीत आहे? ‘येस’. आपल्या आई-बाबांना इंग्रजी उच्चार नीट कळत नाहीत, समोर गणवेश असतो, आणि ते प्रत्येक प्रश्नाला मान डोलावून ‘येस, येस’ म्हणतात. प्रश्न ‘तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का?’ हा असेल, तर त्या ‘येस’मधून नागरिकत्वाचा खोटा दावा उभा राहू शकतो. अशा दाव्याची शिक्षा कायमची प्रवेशबंदी आहे, आणि ग्रीन कार्डसाठी त्यातून सूट जवळजवळ मिळतच नाही. ओव्हरस्टे एक वेळ निस्तरता येतो. हे निस्तरत नाही. म्हणून घरी बसून तालीम करून घ्या : न कळलेल्या प्रश्नाला ‘येस’ म्हणायचं नाही, ‘मराठी’ म्हणायचं, दुभाषा मागायचा. वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. स्वेच्छेने देश सोडण्याचा कागद तिथेच पुढे केला जाऊ शकतो, आणि सुनावणीचा हक्क त्या सहीबरोबर जातो. इमिग्रेशन न्यायालयात सरकार वकील देत नाही, तो आपला आपण करायचा. भारतीय वकिलातीला कळवा असं सांगण्याचाही हक्क आहे. मोबाइल काढून घेतात, तेव्हा मुलीचा नंबर पाठ हवा. घरच्यांकडे पूर्ण नाव, जन्मदेश आणि तो ‘ए’ क्रमांक लिहिलेला असला, तर आयसीईच्या संकेतस्थळावर माणूस कुठे ठेवलाय ते शोधता येतं.

उशीर झालाय आणि आता परतायचंच ठरलंय, असेही बरेच जण असतात. फ्रीमाँटहून नेवार्कमार्गे मुंबई, म्हणजे पहिला टप्पा डोमेस्टिकच. शक्य असेल तर सॅन फ्रान्सिस्कोहूनच देशाबाहेर नेणारं विमान घ्या, मधला एक विमानतळ कमी होतो. १७० दिवस झाले असतील तर पुढच्या आठवड्यातलं स्वस्त तिकीट शोधत बसू नका. तिथे तीन वर्षांची किंमत लागते. अमेरिकेत बाहेर जाताना आपल्यासारखी शिक्का मारणारी खिडकी नसते, विमान कंपनीच्या यादीवरून नोंद होते आणि ती कधी कधी चुकते. म्हणून बोर्डिंग पास फाडून टाकायचा नाही. आणि मुंबईत उतरल्यावर पासपोर्टवर आगमनाचा शिक्का बसला की काउंटरवरून हलण्याआधी त्यावरची तारीख वाचता येते का ते बघून घ्यायचं.